चंडोलांच्या वाट्याचे धान्य

डिसेंबर उजाडला की आमच्या घरी माळ्यावरून एक जुना पत्र्याचा डबा खाली येतो. त्यात कित्येक वर्षांची नाताळची भेटकार्डे जपून ठेवलेली आहेत. शब्बाथ शाळेचा वर्ग सजवायला ती दरवर्षी उपयोगी पडतात. अशाच एका वर्षी कार्डे दोऱ्यात ओवताना वर्गातील एका मुलाने आम्हाला विचारले, गव्हाणीपाशी बैल आहे, गाढव आहे, मेंढरे आहेत, मागी लोकांचे उंट आहेत, ते सगळे ठीक. पण हा तांबड्या छातीचा पक्षी येथे कशाला आला? शास्त्रात तो कुठे आहे? आम्ही सांगितले की तो शोभेसाठी आहे. मुलगा गप्प बसला, पण त्याचे समाधान झाले नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते. खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते.

त्या पक्ष्याची हकिकत थोडक्यात सांगता येते. तो रॉबिन, आपल्याकडचा दयाळ किंवा चिरक नव्हे, त्यांचा इंग्लंडातील दूरचा भाऊबंद म्हणा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात नाताळची कार्डे पाठवण्याची चाल पडली. त्या काळी तेथील टपालवाल्यांचा कोट तांबडा असे, म्हणून लोक त्यांना गमतीने रॉबिन म्हणत. चित्रकारांनी मग खऱ्या रॉबिनच्याच चोचीत पाकीट दिले. हिवाळ्यात बर्फ पडले तरी हा पक्षी अंगणात येतो आणि गातो, हेही एक कारण. बाळ येशूला ऊब मिळावी म्हणून निखाऱ्यांवर पंखाने वारा घालताना त्याची छाती भाजली, अशी एक लोककथाही आहे. ती गोड आहे, पण लोककथाच. गोव्यातील आपल्या वाचकांना आणखी एक पक्षी आठवेल. तेथील कॅथलिक बंधुभगिनी नाताळच्या मध्यरात्रीच्या उपासनेला मिसा द गालो, म्हणजे कोंबड्याची मिसा म्हणतात.

शास्त्रात मात्र यांपैकी कोणी नाही. लूककृत शुभवर्तमानात जन्माच्या रात्री एकही पक्षी दिसत नाही. पक्षी येतात ते त्यानंतर, चाळीस दिवसांनी, बाळाला मंदिरात नेतात तेव्हा. होल्यांचा जोडा किंवा कबुतरांची दोन पिले, असे ते अर्पण आहे. लेवीयाचे बारावे प्रकरण उघडून पाहिले तर कळते की कोकरू देण्याची ऐपत नसलेल्या बाईसाठी ही सवलत होती. म्हणजे ख्रिस्तजन्माच्या कथेतील पक्षी हे मरीयेच्या गरिबीची खूण म्हणून आलेले आहेत. ही गोष्ट आम्ही कितीतरी वर्षे वाचत होतो, आणि तिच्याकडे आमचे लक्ष गेले ते त्या मुलाच्या प्रश्नानंतर.

पण नाताळच्या दिवशी पक्ष्यांनाही पोटभर मिळाले पाहिजे, त्यासाठी राजाने कायदा केला पाहिजे, असा हट्ट धरणारा एक मनुष्य होऊन गेला. त्याचे नाव असिसीचा फ्रान्सिस. त्याची गोष्ट या अंकी सांगण्याचे आम्ही योजिले आहे. आपल्या काही वाचकांना वाटेल की हा तर रोमन मंडळीचा संत, त्याचे आपल्याला काय? त्यांना एवढेच सांगतो की फ्रान्सिसच्या चरित्राचा आधुनिक पद्धतीने शोध घेऊन १८९३ साली त्याचे गाजलेले चरित्र ज्याने लिहिले तो पॉल साबातिए हा फ्रेंच प्रॉटेस्टंट पाळक होता. पुढच्याच वर्षी रोमने ते पुस्तक निषिद्ध पुस्तकांच्या यादीत घातले, तरी जगभर ते वाचले गेले.

फ्रान्सिसचा जन्म इटलीतील उंब्रिया प्रांतातील असिसी या डोंगरउतारावरच्या गावी ११८१ किंवा ११८२ साली झाला. बाप पिएत्रो बर्नार्दोने हा कापडाचा मोठा व्यापारी. मुलगा जन्मला तेव्हा बाप व्यापारासाठी फ्रान्स देशी गेलेला होता. आईने बाप्तिस्म्यात मुलाचे नाव योहान ठेविले. बापाने परत आल्यावर ते बदलून फ्रान्सिस, म्हणजे फ्रान्सवाला, असे केले. पोरगा लाडात वाढला. उंची कपडे, मित्रांच्या मेजवान्या, रात्री गल्लीबोळांतून गाणी गात हिंडणे, आणि पैसा बापाचा. सरदार व्हावे, लढाईत नाव कमवावे, ही त्याची हौस. १२०२ साली असिसी आणि शेजारचे पेरूजा शहर यांच्यात लढाई जुंपली, तीत तो पकडला गेला आणि वर्षभर तुरुंगात राहिला. सुटून आला तो आजारी होऊन. पुन्हा एकदा घोडा-चिलखत घेऊन दक्षिणेकडच्या युद्धावर निघाला, पण स्पोलेतो गावाहून परत फिरला. त्या रात्री त्याच्या मनात काय झाले हे देव जाणे. गावच्या लोकांना मात्र भित्रा म्हणून हसायला निमित्त मिळाले.

त्यानंतरची दोन वर्षे ही त्याच्या पालटाची. कुष्ठरोग्यांची त्याला भारी किळस असे. दुरून जरी त्यांची झोपडी दिसली तरी तो नाक दाबून धरी. एके दिवशी वाटेत एक कुष्ठरोगी समोर आला, तेव्हा फ्रान्सिस घोड्यावरून उतरला, त्याच्या हातावर पैसे ठेवले आणि त्याचे चुंबन घेतले. मरणापूर्वी त्याने जे मृत्युपत्र सांगून लिहविले, त्याचा आरंभ त्याने याच आठवणीने केला आहे. आपले खरे जीवन तेथून सुरू झाले असे तो मानी. पुढे सान दामियानो येथील पडके देऊळ सावरण्यासाठी त्याने बापाच्या दुकानातील कापडाचे गठ्ठे आणि घोडाही विकला. बाप संतापला आणि प्रकरण बिशपापुढे गेले. भर लोकांत फ्रान्सिसने अंगावरचे सगळे कपडे उतरवून पैशांसह बापाच्या पायाशी ठेविले, आणि यापुढे आपला पिता एकच, स्वर्गातील, असे जाहीर केले. बिशपाने आपल्या झग्याने त्याचे अंग झाकले. बापाच्या बाजूने पाहिले तर हा प्रसंग हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पिएत्रो बर्नार्दोने कपडे उचलून घरी गेला, आणि त्यानंतर बापलेकांचा समेट झाल्याचे कोठे वाचायला मिळत नाही.

१२०८ च्या सुमारास पोर्झिउंकोला नावाच्या लहानशा देवळात त्याने मत्तयाच्या दहाव्या अध्यायातील वचने ऐकली. प्रभूने शिष्यांना पाठवताना सांगितले की कमरेला सोने-रुपे बांधू नका, वाटेसाठी झोळी घेऊ नका, दोन अंगरखे घेऊ नका. फ्रान्सिसने हातातली काठी टाकली, पायातले जोडे काढले आणि कमरेच्या पट्ट्याऐवजी दोरी बांधली. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी तो अध्याय तसाच पुढे वाचत जावा. थोड्याच ओव्या पुढे चिमण्यांचा उल्लेख आहे: दमडीला दोन विकल्या जाणाऱ्या आणि तरीही पित्याच्या नजरेतून न सुटणाऱ्या. झोळी नसलेला सेवक आणि कोठार नसलेला पक्षी हे एकाच अध्यायात शेजारी शेजारी आहेत. फ्रान्सिसच्या पक्षीप्रेमाचे मूळ आम्हाला येथे दिसते.

लवकरच अकरा सोबती मिळाले. ते घेऊन तो रोमला गेला आणि तिसऱ्या इनोसंट पोपकडून त्याने तोंडी परवानगी मिळविली. १२१२ साली असिसीच्या सरदार घराण्यातील क्लारा ही तरुणी घर सोडून त्याच मार्गाला लागली. १२१९ साली धर्मयुद्ध ऐन भरात असताना तो मिसर देशातील दमिएत्ताजवळ शस्त्राशिवाय शत्रूच्या छावणीत शिरला, सुलतान अल्-कामिल याच्याशी बोलला आणि सुखरूप परत आला. या एकेका गोष्टीवर स्वतंत्र लेख होईल. आमचे काम आज पक्ष्यांशी आहे.

बेव्हान्या गावाजवळच्या माळावर एकदा फ्रान्सिसला पक्ष्यांचा मोठा थवा दिसला. कबुतरे होती, कावळे होते. सोबत्यांना वाटेवर सोडून तो धावत त्यांच्याकडे गेला. पक्षी उडाले नाहीत तेव्हा त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटले. मग त्याने त्यांना उपदेश केला: निर्माणकर्त्याने तुम्हांला पांघरायला पिसे दिली, उडायला पंख दिले, पेरणी-कापणीचे कष्ट न देता पोसले, तेव्हा त्याची स्तुती करा. पक्षी माना लांबवून, पंख पसरून, चोची उघडून ऐकत होते, आणि तो त्यांच्यामधून चालला तेव्हा त्याच्या झग्याची कड त्यांच्या डोक्यांना लागत होती, असे त्याचा पहिला चरित्रकार, चेलानोचा थॉमस, लिहितो. परतल्यावर फ्रान्सिसने स्वतःला दोष दिला की इतके दिवस आपण पक्ष्यांना उपदेश करायचे विसरलो कसे! आम्हाला हे वाक्य उपदेशाहूनही आवडते.

याच प्रसंगाचे एक दुसरे, फारसे कोणी न सांगणारे रूपही आहे. रॉजर ऑफ वेंडोव्हर या इंग्रज मठवासी बखरकाराने ते लिहून ठेविले. तो १२३६ साली वारला, म्हणजे तो फ्रान्सिसचा समकालीनच. त्याच्या म्हणण्याप्रमाणे रोमच्या लोकांनी फ्रान्सिसचे ऐकले नाही, त्याला हिणविले. तेव्हा तो शहराबाहेर गेला आणि मढी खाणाऱ्या पक्ष्यांना, कावळ्यांना आणि घारींना उपदेश करू लागला. त्या ऐकणाऱ्यांत गोजिरवाणे असे कोणी नव्हते. माणसांना लाज वाटावी म्हणून केलेला तो उपदेश होता. चित्रकारांनी अर्थातच पहिले रूप उचलले.

फ्रान्सिसचे पक्षीप्रेम नुसतेच गोड नव्हते हे सांगणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि तीत आपल्या कार्डावरचा पाहुणा भेटतो. बंधूंच्या एका निवासात तांबड्या छातीच्या पक्ष्यांचे एक जोडपे जेवणाच्या वेळी येऊन तुकडे वेचून नेई. पिले मोठी झाल्यावर त्यांनी ती जणू बंधूंच्या हवाली केली. त्या पिलांतले थोरले मोठे हावरे निघाले. स्वतःचे पोट भरले तरी ते धाकट्यांना चोच मारून हाकलून लावी. फ्रान्सिस त्यावर रागावला आणि याचा शेवट वाईट होईल म्हणाला. पुढे ते पिलू पाण्याच्या भांड्यात बुडून मेले. आमच्या वर्गातील मुलांना ही गोष्ट सांगितली तेव्हा दोन मुली त्या पिलाच्या बाजूने भांडल्या. पिलू ते, त्याला काय कळते, असे त्यांचे म्हणणे. आमच्याजवळ त्याला चांगले उत्तर नव्हते. फ्रान्सिस मात्र त्या पिलाकडे पाहताना पिलाचा विचार करीत नव्हता, आपल्या बंधूंचा करीत होता, असे आम्हाला वाटते.

कारण त्या वर्षांत घरातच बिघाड झाला होता. बारा जणांचे हजारो झाले. मिसरहून परत येतो तो बंधूंमध्ये घरे असावीत, पुस्तके असावीत, नियम थोडे सैल असावेत अशी कुजबुज, आणि ती करणारे शिकलेले, वजनदार लोक. असिसीच्या नगरवासीयांनी बंधूंसाठी एक पक्के घर बांधलेले पाहून तो स्वतः छपरावर चढला आणि कौले खाली फेकू लागला; घर नगराच्या मालकीचे आहे, बंधूंचे नाही, असे शिपायांनी ओरडून सांगितले तेव्हा कुठे थांबला. १२२० च्या सुमारास त्याने प्रमुखपद सोडले. मिसरमध्ये जडलेला डोळ्यांचा विकार वाढत होता. १२२१ साली लिहिलेली नियमावली फार कडक म्हणून मागे पडली, आणि कितीतरी काटछाट झालेली दुसरी २९ नोव्हेंबर १२२३ रोजी होनोरियस पोपने मंजूर केली. ज्याने एकदा भर चौकात सर्वस्व टाकले, त्याला आता आपणच सुरू केलेल्या कामात एकेका ओळीसाठी झगडावे लागत होते.

रोमहून तो परतला, आणि महिनाही झाला नाही तोच नाताळ आला. रिएती खोऱ्यात ग्रेच्चो नावाचे डोंगरकड्याला चिकटलेले गाव आहे. तेथील योहान नावाच्या एका सद्‌गृहस्थाला फ्रान्सिसने पंधरा दिवस आधी बोलावून घेतले आणि एक गव्हाण, गवत, एक बैल आणि एक गाढव तयार ठेवायला सांगितले. बेथलेहेमात त्या बाळाची बाळपणातच किती आबाळ झाली, ते कसे गवतावर निजले, हे त्याला डोळ्यांनी पाहायचे होते. त्याचे डोळे तर त्या वेळी जवळजवळ गेलेले होते. बैल आणि गाढव लूकाच्या वृत्तांतात नाहीत हे आपल्या शिक्षकांना ठाऊक असेलच. यशयाच्या पहिल्या अध्यायात बैल धन्याला ओळखतो आणि गाढव मालकाची गव्हाण ओळखते, त्यावरून ख्रिस्ती लोकांनी ते फार पूर्वीच चित्रांत आणले होते.

त्या रात्री आसपासच्या गावांतून बायका-पुरुष मशाली आणि मेणबत्त्या घेऊन डोंगर चढले. गव्हाणीत बाहुली नव्हती, मरीया-योसेफाचे सोंग नव्हते. नुसते गवत, दोन जिवंत जनावरे आणि वर प्रभुभोजनाचा मेज. फ्रान्सिस पाळकीय दीक्षेच्या वरच्या पायरीला कधी चढला नाही, तो डीकनच राहिला. म्हणून त्याने शुभवर्तमान गाऊन वाचले आणि मग उपदेश केला. बेथलेहेम हा शब्द तो मेंढराच्या बें-बें सारखा उच्चारीत होता, आणि येशूचे नाव घेतले की ओठांवरून जीभ फिरवी, जणू त्या नावाची गोडी चाखतो आहे. जमलेल्यांपैकी एकाला गव्हाणीत एक निजलेले मूल दिसले आणि फ्रान्सिस त्याला जागे करतो आहे असे वाटले. थॉमस त्याचा अर्थ असा लावतो की पुष्कळांच्या अंतःकरणात ते मूल विसरून निजलेले होते. मागाहून लोकांनी ते गवत घरी नेऊन आजारी गुरांना चारले.

नाताळात गव्हाण मांडण्याची रीत फ्रान्सिसनेच काढली, असे सरसकट म्हणतात, ते अगदी बरोबर नाही. ख्रिस्तजन्माचे देखावे त्याच्या आधीही मंडळीत होत असत. त्याच्यामुळे ही रीत घरोघर पोचली, एवढे खरे. २०२३ साली ग्रेच्चोच्या त्या रात्रीला आठशे वर्षे झाली.

आता त्या कायद्याकडे येतो. फ्रान्सिस नाताळाला सर्व सणांचा सण म्हणे. एका वर्षी नाताळ शुक्रवारी आला. शुक्रवार हा उपवासाचा, तेव्हा मांस खावे की नाही असा बंधूंत वाद पडला, आणि मोरिको नावाच्या बंधूने शुक्रवारचा मुद्दा काढला. फ्रान्सिस एरवी उपवासाचा किती कडक! पण त्याने मोरिकोला खडसावले की ज्या दिवशी बाळ आपल्यासाठी जन्मले त्याला शुक्रवार म्हणणे हेच पाप आहे. भिंतींना खाता येत असते तर त्यांनीही आज मांस खाल्ले असते, आणि खाता येत नाही तर निदान वरून त्यांना माखावे तरी.

आणि पुढे तो म्हणे की मला बादशहाशी बोलायला मिळाले तर मी त्याच्या पाया पडून एक फर्मान मागेन. चंडोल भगिनींना कोणी पकडू नये, मारू नये; आणि नाताळच्या दिवशी प्रत्येक नगराच्या अधिकाऱ्याने लोकांकडून गावाबाहेरच्या वाटांवर गहू आणि इतर धान्य टाकून घ्यावे, म्हणजे चंडोलांना आणि सगळ्या पाखरांना त्या दिवशी पोटभर मिळेल. ज्यांच्या दारी बैल आणि गाढव असेल त्यांनी त्या रात्री त्यांना चांगली वैरण घालावी. श्रीमंतांनी गरिबांना जेवू घालावे. त्याच्या बोलण्यात हे सगळे एकाच दमात येते. धर्मादाय म्हणून वेगळे आणि भूतदया म्हणून वेगळे, असा हिशेब तो करीत नाही.

चंडोलच का? तो तुरेवाला चंडोल. त्याच्या डोक्यावरचा तुरा फ्रान्सिसला बंधूंच्या टोपीसारखा दिसे आणि त्याची मातकट पिसे बंधूंच्या झग्यासारखी. हा पक्षी वाटेवर दाणे शोधीत नम्रपणे चालतो, शेणात सापडला तरी दाणा उचलून खातो, आणि तेथूनच उडून आकाशात गात जातो. बंधूने कसे असावे हे त्याला तेथे दिसे. आपल्या वाचकांना हा पक्षी परका नाही. ग्वाल्हेरकडच्या मोकळ्या रानात तोच तुरेवाला चंडोल आहे, आणि दख्खनच्या माळावर त्याचा लहान भाऊबंद. हिवाळ्यात कापणी झालेल्या शेतातून पायवाटेने जाताना पुढे-पुढे तुरुतुरु धावणारा मातीच्या रंगाचा पक्षी दिसला तर थांबून पाहावे. कार्डावर छापण्यासारखे रूप त्याला नाही.

तेव्हा बादशहा होता दुसरा फ्रेडरिक. १२२० साली रोम येथे त्याला मुकुट मिळाला होता. तो लहानपणी असिसीजवळच्या मुलखात वाढला, आणि त्याचा बाप्तिस्मा असिसीच्याच प्रमुख देवळात झाला असे मानले जाते. योगायोग असा की पक्ष्यांचा एवढा जाणकार राजा युरोपने दुसरा पाहिला नाही. त्याने पक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. पक्षी कसे उडतात, कुठे स्थलांतर करतात, अंडी कशी उबवतात, सारे स्वतः पाहून आणि पारखून लिहिले, आणि विद्वान आजही त्याला मान देतात. पण तो ग्रंथ आहे बहिरी ससाण्याकडून शिकार कशी करावी याचा. पक्षी दोघांनीही आयुष्यभर पाहिले. बादशहा आणि भिक्षू यांची त्याबाबत भेट झाली नाही आणि ते फर्मान कधी निघाले नाही.

फर्मानावाचून धान्य टाकणारे लोक मात्र आहेत. नॉर्वे देशात नाताळच्या सुमारास ओटची न मळलेली पेंढी काठीला बांधून अंगणात उभी करतात, पाखरांसाठी. ती चाल फ्रान्सिसपासून आली असे नाही, शेतकऱ्यांची आपली आहे. आपल्या महाराष्ट्रात फ्रान्सिसचे नाव घेऊन राहणारे लोकही होऊन गेले. जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली स्थापन केलेला ख्रिस्त सेवा संघ तेव्हाच्या अहमदनगर भागात सुरू होऊन पुढे पुण्यास आला. त्याच्या बंधूंवर फ्रान्सिसची छाप होती, आणि त्यांतलेच काही इंग्लंडास परतून तेथील अँग्लिकन मंडळीतील फ्रान्सिसपंथी बंधुसंघाच्या उभारणीत सामील झाले. आणि पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीवरची रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कविता आपण सर्वांनी शाळेत म्हटलेली आहेच.

फ्रान्सिसची शेवटची दोन वर्षे दुखण्यात गेली. १२२४ साली ला व्हेर्ना डोंगरावर प्रार्थनेत असताना त्याच्या हातापायांवर आणि कुशीत ख्रिस्ताच्या जखमांसारखे व्रण उमटले असे त्याच्या सोबत्यांनी सांगितले. त्याबाबत ज्याने त्याने आपले मत करावे. त्याच डोंगरावर एका ससाण्याने घरटे केले होते, आणि तो रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी ओरडून त्याला उठवी. फ्रान्सिस फार थकलेला असला की मात्र तो पहाटेपर्यंत गप्प राही. डोळ्यांसाठी वैद्याने कानशिलापासून भुवईपर्यंत तापल्या लोखंडाने डाग दिले. डाग देण्याआधी फ्रान्सिसने अग्नीला बंधू म्हणून हाक मारली आणि जरा सौम्य हो अशी विनंती केली. १२२५ साली, दिसत नसताना आणि निजण्याच्या झोपडीत उंदरांनी हैदोस घातला असताना, त्याने सूर्यबंधूचे स्तोत्र आपल्या बोलीभाषेत रचले. त्यात सूर्य, चंद्र, वारा, पाणी, अग्नी, पृथ्वी आणि शेवटी मरणही आहे. नवल असे की पक्ष्यांचा त्यात उल्लेख नाही.

३ ऑक्टोबर १२२६ रोजी, शनिवारी, सूर्य मावळल्यावर तो पोर्झिउंकोला येथे वारला. त्याच्या सांगण्यावरून त्याला उघड्या जमिनीवर निजविले होते. चंडोल हा उजेडाचा पक्षी; अंधार पडला की तो गप्प होतो. पण त्या संध्याकाळी दिवेलागण होऊन गेल्यावर चंडोलांचा मोठा थवा त्या घराच्या छपरावर आला आणि बराच वेळ गात घिरट्या घालीत राहिला. खाली जमलेल्या बंधूंनी तो ऐकला, आणि असिसीहून पाठविलेल्या पहारेकऱ्यांनीही.